पेज मोजायची नसते

पेडण्याच्या मामलेदार कचेरीत मी एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या. एक रकाना कोरा दिसला की अर्ज परत. त्यामुळे माझ्या हातून चूक होऊ शकते, हे निवृत्त झाल्यावरही माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मला साखर आहे, बारा वर्षं झाली. माझं जे व्हायचं ते झालं. पण जूनमध्ये सेजलचा रिपोर्ट आला. माझी मुलगी सव्वीस वर्षांची, घरातच शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर बसून. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा; साडेसहाला मधुमेह म्हणतात. सांगलीहून आलेल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहे. भात एकच वेळ, रोज अर्धा तास चालणं. हे पाळलं तर गोळी लागणारही नाही."

साखरेनं माझ्या आईचा पाय गेला होता. सेजलवर ती पाळी येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं आणि त्याच दिवशी वही आणून रकाने आखले. सकाळी ती देवळापर्यंत चालायची आणि मागून स्कूटरवर मी, ती खरंच चालते का ते बघायला. तिचा व्यायाम, माझं पेट्रोल. दुपारी भात, रात्री चपाती. 'भात: एक वेळ' याच्याखाली रोज माझी सही. बायको, सुमंगला, मध्ये काही बोलू लागली की मी वही तिच्यापुढे नाचवायचो.

आणि दहा वाजता सगळ्यांची पेज. उकड्या तांदळाची, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा. संध्याकाळी पोर दमलेली दिसायची, म्हणून आणखी एक वाडगा मीच नेऊन द्यायचो. पेज हलकी, पेज आजाऱ्यालासुद्धा देतात. आमच्याकडे दोन वाडगे पेज पोटात असलेल्या माणसाला "जेवलास?" म्हणून विचारलं, तर तो "अजून नाय" म्हणतो. वहीत पेजेला रकानाच नव्हता.

सप्टेंबरचा रिपोर्ट आला: सहा पॉइंट तीन.

डॉक्टरीणबाईंनी वही पुन्हा पुन्हा चाळली. "भात खरंच एकच वेळ?"

"एकच," मी छाती काढून म्हणालो. "रोजची सही आहे बघा."

"मग नाइलाज आहे. गोळी सुरू करू."

सेजलचा चेहरा पडला. तेवढ्यात सुमंगला म्हणाली, "आनी पेज? ती खंयच्या रकान्यात घातलात?"

"पेज म्हणजे भात नव्हे," मी माझ्या कचेरीतल्या आवाजात सुनावलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "पेज कशाची करता?"

"तांदळाची," मी म्हणालो, आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा," सेजल हळूच म्हणाली. "बाबांनीच सांगितलां, पेज मोजूची नसता."

तिच्या आवाजात जराही राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्यावर विश्वास ठेवून ती रोज पावसापाण्यात चालली होती, आणि तिला उंबरठ्याच्या आत ढकलत होतो तो मीच, वर सही करून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लिहा, डॉक्टर," मी म्हणालो. "भात तीन वेळ. चूक माझी आहे, हिची नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. पेज वाईट नाही, पण तांदूळ तो तांदूळच, म्हणाल्या. गोळी आणखी तीन महिने लांबवली. 

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सवयीनं मी पेजेसाठी जाऊन पाटावर बसलो. सेजलनं चुलीजवळून विचारलं, "बाबा, भात वाढू?"

"दहा वाजता भात कोण जेवता गे?" मी खेकसलो.

"आमी," ती म्हणाली. "गेले तीन महिने."