श्वासाची खूण

आमच्या बँडचा म्होरक्या बासरीही वाजवायचा आणि सॅक्सोफोनही. दोन्हीकडचं संगीत त्याने एकत्र आणलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. "ना इकडचं ना तिकडचं," म्हणाले. पुढे त्यांनीच तिकिटांसाठी रांगा लावल्या. त्याचे हात वाद्यात गुंतलेले, त्यामुळे इशारा श्वासाचाच. तो जोरात श्वास ओढायचा आणि आम्ही सुरू व्हायचो. ड्रमवर बसून मी जन्मभर त्या श्वासाकडे कान लावला. शेवटी शेवटी छातीने दगा दिला, तेव्हा त्या श्वासात बारीक शिट्टी वाजायची.

तो गेल्यावर बँड त्याच्या मुलीने हाती घेतला. पहिल्याच तालमीला तिने बापाचा सॅक्सोफोन ओठांना लावला आणि आम्ही सगळे एका ठोक्यात सुरू झालो. कुणी तसूभर मागेपुढे नाही. मी मनात म्हटलं, पोरगी बापावर गेली.

पोरीने मात्र वाद्य खाली घेतलं. चेहरा पांढराफटक.

"काका, मी अजून श्वास घेतलाच नव्हता."

कुणी मान वर करेना. शिट्टी सगळ्यांनीच ऐकली होती.

"वाजव गं," मी खेकसलो. "मध्येच थांबलेलं त्याला खपत नाही."