दौलतचा संच आणि मंडळाचा माइक

घोडपदेवच्या चाळीत चौदा नंबरचा उन्मेष कॉलेजात गणित शिकवायचा आणि घरी येता-जाता जिन्यात अडवून माणसांना तत्त्वज्ञान पाजायचा. एका संध्याकाळी त्याने दौलत परबाला गाठलं.

"दौलतकाका, माणसाची जाणीव म्हणजे एक संच. आत विचार. त्या विचारांचा विचारही आत."

"आणि त्याचाही विचार?"

"तोही आत."

"म्हणजे आमची खोली," दौलत म्हणाला. "दहा बाय दहा, आणि गावाकडून येणारा प्रत्येक जण आतच."

गॅलरी खिदळली. उन्मेष पेटला. म्हणाला, तुमचा अख्खा संच मी चाळीस पानांत मांडलाय. रविवारी गणपती मंडळाच्या सभेत तुम्ही काय कराल ते आधीच फळ्यावर लिहितो.

"लिही. मी वाचणार आणि बरोबर उलटं करणार. खोटा ठरलास तर नऊवारी नेसून शेजारच्या आनंदीबाईंबरोबर फुगडी घालायची."

"आणि खरा ठरलो तर मंडळाचा माइक माझा. दहाही दिवस."

दौलतचं हसू जरा अडकलं. बावीस वर्षं तो माइक त्याचा होता. आरती, हरवलेली पोरं, कुणाच्या स्कूटरने गेट अडवलंय, सगळं त्याच्याच तोंडून. पण गॅलरी ऐकत होती. लागली पैज.

रविवारी फळ्यावर खडूने लिहिलं होतं: 'सभेत दौलत परब माइक घेऊन बोलतील.'

हात्तिच्या, एवढंच? गप्प बसायचं, बस्स. हात मांडीखाली दाबून दौलत पहिल्या खुर्चीत बसला.

मंडळाचे चिटणीस नानांनी अहवाल वाचला. चार चुका केल्या. दौलत गप्प. मग त्याची बायको सुभद्रा उठली.

"नानानू, गेल्या वर्षी विसर्जनाक ट्रॉली अडाकली, ती रामदासान काढल्यान. तेचो सत्कार करूया."

रामदास लाजत उभासुद्धा राहिला.

दौलतला कळायच्या आत माइक हातात होता. "रामदास तेव्हा वडापाव खात होता. ट्रॉली मी काढली, मी."

शिट्ट्या पडल्या. उन्मेषने वही उघडली. "बघा, जाणीव स्वतःलाच सामावून घेते, त्यामुळे..."

"वही ठेव रे," आनंदीबाई म्हणाल्या. "तुला हे सांगितलं कोणी?"

उन्मेषने चष्मा पुसला. "सुभद्राकाकूंनी. चाळीस पानांतून निघत होतं की काका सभेला येणारच नाहीत."

पैज मात्र पैज. दौलतने माइक तोंडाशी धरला. "यंदा दहाही दिवस माइक उन्मेषकडे. मी खालून टाळ्या वाजवीन."

माइक पुढे केला, पण बोटं सुटेनात. शेवटी सुभद्रानेच ती एकेक करून सोडवली.