पुढच्या ब्रेकची चौकशी

मामा लिफ्टच्या कामातून निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. बत्तीस वर्षं लिफ्टचे ब्रेक तपासलेल्या माणसाचा थांबलेल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास बसत नाही. घरातलं दार आपोआप लागलं, तरी त्याची चौकशी बिजागरीपासून सुरू व्हायची. यांना चहा दिला तर कपाला कान कोणी चिकटवला हे आधी विचारतील, असं मामी म्हणायच्या.

सध्या चौकशी चालू होती ती भाचीच्या सायकलच्या पुढच्या ब्रेकची. ही सायकल म्हणजे एक अजबच प्रकरण. तिला बसायला सीटच नाही. उभ्या उभ्या ती दगडांवरून, ओंडक्यांवरून, भिंतींच्या कडांवरून उड्या मारत न्यायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. भाची आठवडाभर लोकांच्या कवळ्या घडवायची आणि सुटीच्या दिवशी स्वतःचे दात धोक्यात घालायची. सात महिन्यांपूर्वी एका खडकावर नुसत्या पुढच्या चाकावर उभी असताना ती कोसळली आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं.

तो पुढचा ब्रेक मामांनीच बसवलेला. दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून त्यांनी सांगून टाकलं, की माझाच ब्रेक दगा देऊन गेला. भाची काही बोलली नाही. तेव्हापासून मामांनी पान्याला हात लावला नव्हता आणि भाची पुन्हा पुढच्या चाकावर चढली नव्हती. आता तिने सांगितलं होतं, की रविवारपर्यंत भरवशाचा ब्रेक मिळाला तर ठीक, नाहीतर सायकल विकून टाकते. हे ती हसत म्हणाली, म्हणूनच मामांना ते खरं वाटलं.

सायकलच्या दुकानदाराने दोन दिवस बघायला म्हणून डिस्क ब्रेक दिला. भाचीचा जुना ब्रेक चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचा, हा नवा चाकाच्या मधल्या चकतीला धरणारा. मामांनी चाक गरगर फिरवलं, ब्रेक दाबला, किती वेळात थांबतं ते घड्याळावर मोजलं आणि खूश झाले. मग एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. भाचीचं चाक फिरतं कुठे? ते तर खडकावर उभं असतं. थांबवणं वेगळं आणि थांबलेलं धरून ठेवणं वेगळं, हे लिफ्टखाली जन्म काढलेल्या माणसाने विसरावं म्हणजे कमाल झाली.

तेव्हा त्यांनी लिफ्टचीच रीत धरली. सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला, चाकाला आडवा गज बांधला. ब्रेकचा लिव्हर सामान तोलायच्या काट्याने, एका बोटाइतक्याच जोराने ओढून बांधला. मग गजाच्या टोकाला पाण्याचे भरलेले कॅन एकेक करून लटकवत गेले. डिस्कने चार कॅन पेलले, पाचव्याला चाक हललं. वाईट नाही. आता गुन्हेगाराचीही साक्ष घ्यावी, म्हणून त्यांनी जुना ब्रेक फोर्कवर परत चढवला. पॅड तेच, त्या दिवशी होते ते. त्याने चार पेलले, पाचवा पेलला. सहाव्यालाही चाक तसूभर हललं नाही, उलट टेबलच कलंडायला लागलं आणि मामींना धावत यावं लागलं.

मामा स्टुलावर बसून त्या ब्रेकाकडे बघत राहिले. असा गडी सुटलाच कसा?

संध्याकाळी भाची डिस्क बघायला आली, तर मामांनी तिची उलटतपासणीच सुरू केली. रिम ओली होती का? नव्हती. तेल उडालं होतं? नाही. लिव्हर मऊ लागत होता? छे, चांगला कडक होता. एकेक कारण खोडून टाकताना मामा रंगात आले होते. आपण पोरीला कोपऱ्यात ढकलतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“मामा, पुरे,” ती शेवटी म्हणाली. “ब्रेक सुटला नव्हता. वर गेल्यावर मी खाली बघितलं आणि माझंच बोट उघडलं.”

“मग दवाखान्यात बोलली का नाहीस?”

“तू आधीच सगळं स्वतःवर घेतलं होतंस. तेव्हा मला बरं वाटलं. नंतर सांगणं रोज अवघड होत गेलं.”

मामांना राग आला, चांगलाच आला. या सात महिन्यांत शेजाऱ्याची साधी सायकलसुद्धा त्यांनी परत पाठवली होती, आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही म्हणून. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. पण रागातही चौकशी वळवळत होतीच. घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट आवळतो. हिचं बोट उघडलं कसं?

“जरा धर बघू लिव्हर,” ते वळून म्हणाले.

भाचीने धरला. तिचं बोट जेमतेम टोकाने लिव्हरला पोहोचत होतं. मामांनी आपलं बोट ठेवून पाहिलं, तर ते पहिल्या पेरापर्यंत मजेत बसलं. ब्रेक बसवताना त्यांनी लिव्हर स्वतःच्या हाताला लावून बघितला होता, आणि तिचं बोट त्यांच्यापेक्षा पेरभर आखूड.

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने तर आत्ताच सगळा दोष आपल्या पदरात घेतला होता. गप्प राहायचा मोह मामांना झाला, नाही असं नाही.

“तुझं बोट नीट बसलंच नव्हतं,” ते म्हणाले. “मी माझ्या मापाने लावून ठेवला होता.”

“मी घाबरलेही होते, मामा.”

“असशील. दोन्ही खरं.”

त्यांनी लिव्हरचा बारका स्क्रू फिरवून तो तिच्या बोटाजवळ आणला, तिला दहा वेळा धरायला लावला आणि डिस्क खोक्यात भरून सायकल व्हाइसमधून सोडवली. अंगणाच्या कडेला गुडघाभर उंचीचा दगडी कट्टा होता. भाची तीनदा सायकल घेऊन तिथवर गेली आणि तीनदा परत आली. चौथ्यांदा तिने उडी घेतली, कट्ट्यावर पोहोचली, मागचं चाक हवेत उचललं आणि पुढच्या एका चाकावर थरथरत उभी राहिली. खाली मामा दोन्ही हात पसरून उभे होते. तिने खाली बघितलं.

“मामा, हात काढ,” ती म्हणाली.

मामांनी हात मागे घेतले. ती वरच होती.