चौदा प्रमाणपत्रं आणि माझी छाती

मी बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय, खाली बघा, चादरींच्या कपाटाशेजारी. कमरेच्या वर माणूस, कमरेच्या खाली काहीच नाही, तो मी. हातही नाहीत मला. म्हणून कोणाच्या कानाखाली वाजवता येत नाही. नाहीतर या वृद्धनिवासात निदान पाचसहा गाल लाल दिसले असते.

मी सरावाचा पुतळा. माणसाचं हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त कसं फिरतं ठेवायचं, ते माझ्यावर शिकतात. कारखान्यात माझ्या रबरी छातीत एक स्प्रिंग बसवली. दोन इंच खोल दाबलं की ती 'टक्' करते. कमी दाबलंत तर गप्प. एवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यात मी कधी खोटं बोललेलो नाही.

मला इथे आणलं ते वृद्धनिवासाची सरकारी तपासणी होणार होती म्हणून. पहिल्याच दिवशी झाडूवाल्या काकांनी माझी पेटी उघडली, माझा वासलेला जबडा पाहिला आणि बादलीसकट पळाले. मी बेहद्द खूश! लोकांना दचकवायची मला जन्मखोड आहे.

मग शिकवणारा आला, घड्याळाकडे बघतच. समोर चौदा सेविका. त्यांतली थोरली ताई सगळ्यांत अनुभवी. नव्वदीतल्या आजींना ती कुशीवर वळवते तरी त्यांची झोप मोडत नाही. दिवसभर कागदासारखी कातडी सांभाळणारे ते हात. ती माझ्याशेजारी बसली, आणि दाबलं कसलं, पाय चेपावेत तसं चेपलं. वर मलाच विचारते, "लागलं नाही ना?"

अगं, रबर आहे मी! हसू आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरी गेली.

चौदा जणी आल्या, चौदा जणींनी मला गोंजारलं. एकदाही टक् नाही. शिकवणारा म्हणाला, "चला, जमलं सगळ्यांना!" त्याला अजून एक वाक्य सांगायचं होतं, की जोरात दाबताना बरगडी मोडू शकते, मोडली तरी थांबायचं नाही. ते वाक्य त्याने जेवणाबरोबर गिळलं. फोटो निघाले. चौदा प्रमाणपत्रं भिंतीवर लागली.

दारात टॉवेलांचा गठ्ठा घेऊन धुण्याच्या मावशी उभ्या होत्या. "मी पण दाबून बघू का हो?"

व्यवस्थापक साहेब म्हणाले, "मावशी, तुमचं नाव यादीत नाही. धुण्याचा आणि छातीचा काय संबंध?"

तेव्हापासून माझा मुक्काम कपड्यांच्या खोलीत. पेटीच्या झाकणावर चित्रं आहेत: तळहातावर तळहात, कोपरं ताठ, छातीच्या मधोमध. मावशींनी ती मन लावून पाहिली. आणि मग साहेब जेव्हा जेव्हा त्यांच्यावर ओरडायचे, तेव्हा त्या इथे येऊन गुडघ्यावर बसायच्या. "डाग राहिला म्हणतो!" टक्. "स्वतः धुऊन बघ म्हणावं!" टक्. ओली ब्लँकेटं पिळणारी मनगटं ती. मार खाऊन इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

एका दुपारी, चहानंतर, माझ्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये आजोबा धाडकन पडले. हे आजोबा म्हणजे बुद्धिबळात हरायला लागले की प्रतिस्पर्ध्याचा वजीर खिशात घालणारे. माझ्याच जातीचे, त्यामुळे माझा जीव होता त्यांच्यावर.

सगळ्या धावल्या. एकीने तोंडावर पाणी मारलं. एकीने तळवे चोळले. एक तर ग्लास घेऊन आली पाजायला! शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं गं बाई, ते फुप्फुसात जातं. आजोबांनी तोंड उघडून एक घर्र केलं. थोरली ताई म्हणाली, "श्वास घेतायत, घेतायत!"

नव्हता तो श्वास! आचका होता तो! मी ओरडत होतो. माझं तोंड कायम उघडं, आणि आवाज मात्र कारखान्याने दिला नाही.

साहेब लांबूनच म्हणाले, "आधी त्यांच्या मुलाला विचारा काय करायचं ते. वय झालंय हो त्यांचं." वय झालंय! या दोन शब्दांखाली तुम्ही लोक किती चुका पुरता, याचा हिशेब कोणी ठेवलाय का?

अखेर ताईला आठवलं. तिने हात ठेवले आणि दाबायला लागली. तसंच, मायेनं. आजोबांचे ओठ निळे पडत चालले.

मावशींनी टॉवेल फेकले. "ताई, सरका. अॅम्ब्युलन्स बोलवा कोणीतरी, बघताय काय!" त्या बसल्या, कोपरं ताठ केली आणि दाबलं. तिसऱ्या दाबाला आतून कट् असा आवाज आला.

"अहो मोडलं काहीतरी! मावशी, थांबा!" ताईने त्यांचा दंड धरला. मावशींचे हात थांबले.

चित्रांत बरगडीचं काही नव्हतं हो. ते एकच वाक्य. ते जेवणात गेलं.

मावशींनी आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. "मोडलं तर मोडलं. जगले तर शिव्या देतील. सोडा हात!"

आणि ताईने सोडला. मावशी दमल्यावर ताई बसली, आणि या वेळी तिने दाबलं, रडत रडत, पण खोल. दोघी आलटून पालटून, अॅम्ब्युलन्सवाले झटका द्यायचं यंत्र घेऊन येईपर्यंत.

तीन आठवड्यांनी आजोबा परतले, चाकाच्या खुर्चीत. मागे मुलगा, लालबुंद. "बाबांच्या दोन बरगड्या कोणी मोडल्या?"

साहेब चटकन म्हणाले, "त्या धुण्याच्या बाई. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवलाय. कामावर ठेवायचं की नाही, तेही बघतोय."

मावशी खाली मान घालून उभ्या. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं, सगळ्यांना ठाऊक आहे.

थोरली ताई पुढे झाली. "दादा, प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. मी दाबत होते तोवर तुमचे बाबा निळे पडत होते. यांनी बरगडी मोडली तेव्हा रंग परतला. खुलासा माझ्याकडून घ्या."

आजोबा कण्हत म्हणाले, "मुला, खोकलो की इतकं दुखतं, काय सांगू! पण खोकतोय ना?"

मुलाने साहेबांच्या हातातला खुलाशाचा कागद घेतला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकला.

साहेबांची यादी मात्र अजून तीच आहे. चौदा नावं. मावशी नाहीत, स्वयंपाकी नाही, पहारेकरी नाही, झाडूवाले काका नाहीत. म्हातारं माणूस पडताना यादी वाचून पडतं काय? जो जवळ असेल त्याच्यासमोर पडतं! म्हणून सांगतो, या सगळे. चुका माझ्यावर करा. मी दिवसातून शंभरदा मेलो तरी रडणारं कोणी नाही.

आज दुपारी ताईने मला पॅसेजमध्ये ओढलं आणि सगळ्यांना बोलावलं, साहेबांनाही. साहेब गुडघ्यावर बसले, रुमालाने माझी छाती पुसली आणि हळूच हात ठेवला.

मावशी कमरेवर हात ठेवून वर उभ्या.

"साहेब, माया नको," त्या म्हणाल्या. "दाबा."