तीन खुंट्यांवरच्या पिशव्या

भिमाजीच्या घरात भिंतीला तीन खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेका डॉक्टरची पिशवी. पहिलीत पुण्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची फाइल होती, दुसरीत दौंडच्या शुगरवाल्या प्रतिभा मॅडमची. तिसरी पिशवी सर्वांत नवी आणि चकचकीत. ती होती कारेगावच्या हायवेलगतच्या त्या दवाखान्याची, जिथे भिमाजीच्या बायकोला, गिताबाईला, आठवड्यातून दोनदा शिरेतून व्हिटॅमिन सी चढवले जाई. या तीन पिशव्यांची एकमेकींशी गाठ पडू द्यायची नाही, असा भिमाजीचा दंडक होता.

दंडकाला इतिहास होता. भिमाजीचा बाप मेंढरे घेऊन घोड नदीपासून कोकणापर्यंत फिरे. वाटेत मेंढरू आजारी पडले तर तो या गावच्या जाणत्याचा पाला आणि त्या गावच्या जाणत्याचा लेप असे दोन्ही उपचार करी, पण एकाचे दुसऱ्याला सांगत नसे. सांगितले तर दोघेही रुसतात आणि औषधाचा गुण जातो, अशी त्याची खात्री होती. पुढे मेंढरे विकली, न्हावऱ्याजवळच्या वाडीत ऊस आला, घरावर स्लॅब चढला, आणि बापाचा दंडक तेवढा मागे उरला. शिकलेल्यांनी त्याला हसण्याचे कारण नाही. मोठमोठ्या इस्पितळांतही एका मजल्यावरचा डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरशी क्वचितच बोलतो. तिथे या मौनाला विशेषज्ञता म्हणतात, इतकाच फरक.

दिवाळीनंतर गिताबाईच्या छातीतली गाठ पुण्यात काढली आणि दर तीन आठवड्यांनी केमो सुरू झाली. केमोबरोबरच्या औषधांनी तिचा जुना मधुमेह उसळला, म्हणून प्रतिभा मॅडमनी इन्सुलिन दिले. रोज बोट टोचून साखर बघणे आणि सुई देणे हे काम सून धनश्रीकडे होते. ते ती चोख करी. कॅलेंडरवर आकडे लिही, आकडा तीनशेच्या वर गेला की मॅडमना फोन लावी.

कारेगावचा शोध मुलाने, रविराजने लावला. रांजणगावच्या कंपनीतल्या त्याच्या साहेबाने सुचवले होते. दवाखान्याचे पत्रक आठ पानांचे होते. मुखपृष्ठावर कापलेले संत्रे, मलपृष्ठावर सूक्ष्मदर्शकातून पाहणारी परदेशी बाई. जगभरच्या संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे आत चार ठिकाणी लिहिले होते. कोणत्या संशोधनाने, किती रुग्णांवर आणि नेमके काय, हे एकाही ठिकाणी नव्हते. वस्तुस्थिती तीन ओळींत मावण्याइतकी साधी आहे. या उपचाराचे अभ्यास झाले आहेत आणि होत आहेत. काहींत रुग्णांचा थकवा थोडा कमी झालेला दिसतो. त्याने कॅन्सर बरा होतो असे मात्र कुणी दाखवू शकलेले नाही. आठ पानांत या तीन ओळींना जागा मिळाली नव्हती.

पण गिताबाईला बरे वाटत होते, हेही खरेच. तिथे मागे कलंडणारी खुर्ची होती, अंगावर मऊ रजई, थंड हवा. गुलाबी कपड्यातली एक मुलगी दर अर्ध्या तासाने येऊन विचारी, ‘‘आजी, बरं वाटतंय ना?’’ तीन तास गिताबाई तशी पडून असे आणि घरी आली की हसून बोले, दोन घास जास्त जेवे. त्या फिक्कट पिवळ्या द्रवाला ती लिंबाची बाटली म्हणे. आपल्या भागात सलाईन लागल्याखेरीज आजाराला मान मिळत नाही. इथे तर सलाईनला वातानुकूलन होते. भिमाजी तिचे हसणे बघे आणि तिन्ही पिशव्या आपापल्या खुंटीवर आहेत ना, ते तपासून घेई. तिचे हे हसू पिशव्यांच्या अबोल्यावरच टिकून आहे, असे त्याला मनापासून वाटे.

त्या मंगळवारी दवाखान्याने बाटलीचा डोस वाढवला. अंग साथ देतंय, आता मोठी बाटली लावू, असे तिथले डॉक्टर आनंदाने म्हणाले. तीन वाजता दोघे घरी आले. गिताबाईने पाऊण भाकरी खाल्ली आणि पडवीतल्या बाजेवर टेकली. चार वाजता धनश्रीने तिचे बोट टोचले.

‘‘मामा, चारशे अठ्ठावीस दाखवतंय.’’

‘‘पुन्यांदा बघ.’’

तिने दुसरी पट्टी लावली. चारशे चाळीस. तिने दौंडला फोन लावला. मॅडमनी आकडा ऐकून शांतपणे सांगितले की बारा युनिट द्या आणि तासाभराने परत तपासा. जे त्यांना सांगितले गेले होते त्यावर हा सल्ला अचूक होता. धनश्रीने इन्सुलिनच्या पेनाला नवी सुई बसवली, आकडा बारावर आणला आणि सासूच्या बाजेशी बसली.

भिमाजी उंबऱ्यावर बसून बायकोकडे बघत नव्हता. तिच्या उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे बघत होता. तो काठोकाठ भरलेला होता.

‘‘धनश्री, थांब जरा.’’

‘‘मामा, मॅडमनी सांगितलंय.’’

‘‘सांगू दे. तांब्या बघ. आल्यापासून घोट घेतला न्हाई हिनं.’’

‘‘मशीन काय तांब्या बघून आकडा देतं व्हय?’’

‘‘मशीन कशानं देतं ते मला ठावं न्हाई. पर पहिल्या केमोनंतर साखर चारशेवर गेली तवा हिनं तीन तांबे रिचवलं व्हतं, आन् दर घटकेला मोरीकडं पळत व्हती. आज हिला तहान कुठंय?’’

भिमाजीच्या बापाची एक रीत होती. कळप पाण्यावर नेला की तो मेंढरे मोजत नसे; कोण पिते आणि कोण नुसते तोंड बुडवते, ते बघत उभा राही. आजारी मेंढरू चालताना लपते, चरताना लपते, पाण्यावर मात्र लपू शकत नाही. चाळीस वर्षांत भिमाजी जगाकडून जे काही शिकला त्यात याहून खात्रीचे दुसरे काही नव्हते.

‘‘टोचायचं मला हाय आन् भांडताय तुमी दोघं,’’ गिताबाई डोळे न उघडता म्हणाली. ‘‘काय ते एकदा ठरवा. मला डुलकी लागत व्हती चांगली.’’

‘‘गप पड तू,’’ भिमाजी म्हणाला आणि सुनेकडे वळला. ‘‘लाव फोन. मी बोलतो.’’

फोन लागला.

‘‘मॅडम, भिमाजी बोलतोय, गिताबाईचा मालक. आकडा लई हाय, पर हिला तहान न्हाई, लघवीला न्हाई, तोंड सुकल्यालं न्हाई. आकडा आन् माणूस जुळंना मला.’’

मॅडमनी विचारले, ‘‘आबा, आज तिनं वेगळं काही घेतलंय? गोळी, काढा, सलाईन, काहीही?’’

भिमाजीची नजर तिसऱ्या खुंटीवर गेली. सांगितले तर गुण जाणार. दोन महिन्यांचे हसू, वाढलेले दोन घास, सगळे या एका वाक्याने जाणार. न सांगितले तर सुनेच्या हातात पेन तयारच होते. त्याने बाजेवरच्या बायकोकडे पाहिले. मग तो उठला, चकचकीत पिशवी खुंटीवरून उतरवून त्याने धनश्रीच्या मांडीवर ठेवली.

‘‘घेतलंय मॅडम. कारेगावला शिरेतनं व्हिटॅमिन चढवतो आमी. दोन महिने व्हत आलं. सांगितलं न्हाई तुमाला.’’

‘‘कोणतं व्हिटॅमिन? आज किती दिलं?’’

धनश्रीने कागद काढून वाचले, ‘‘व्हिटॅमिन सी. पंचवीस ग्रॅम. आजच वाढवलंय, आधीची बाटली लहान व्हती.’’

‘‘पेन खाली ठेवा,’’ मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ‘‘सुई काढून टाका. एवढं व्हिटॅमिन सी रक्तात असलं की घरच्या मशीनच्या पट्टीला ते साखरेसारखंच वाटतं. तो आकडा साखरेचा नसणार. तिला थरथरलं, घाम आला तर लगेच साखर चाटवा आणि आत्ता दौंडला या. शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये बघू. आणि येताना सगळ्या फायली आणा. सगळ्या.’’

शेजारच्या खंडूची जीप निघाली. वाटेत गिताबाईने खिडकीची जागा मागून घेतली आणि कुणाचा ऊस कसा आलाय यावर मते दिली. दौंडच्या लॅबमधून आकडा आला एकशे एकतीस. प्रतिभा मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. ‘‘यावर बारा युनिट गेलं असतं तर साखर इतकी उतरली असती की आजी बेशुद्ध पडल्या असत्या,’’ त्या म्हणाल्या. धनश्रीने पदर तोंडाशी धरला. भिमाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘तुझं काय चुकलं? तू सांगितलेलं करत व्हतीस. सांगायचं राहिलं ते माझं.’’

कंपनीतली पाळी संपवून रविराज थेट दौंडच्या दवाखान्यात आला तेव्हा मॅडमपुढच्या टेबलावर तिन्ही फायली शेजारी शेजारी उघड्या होत्या. त्यांनी कारेगावच्या संमतिपत्रावर बोट ठेवले. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, अकराव्या कलमात लिहिले होते की उपचारानंतर काही तास घरगुती मशीनवर साखरेचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

‘‘ही सही कुणाची?’’

‘‘माझी.’’

‘‘वाचलं होतं?’’

‘‘मॅडम, कंपनीत रोज असे सहा फॉर्म भरतो,’’ रविराज म्हणाला आणि कागद उचलून अकरावे कलम वाचू लागला.

म्हणजे इशारा देण्यात आला होता. ज्या बाईच्या शिरेत बाटली जाणार तिला न येणाऱ्या भाषेत, ज्या सुनेच्या हातात पेन असणार तिच्यापर्यंत न पोहोचणाऱ्या कागदावर, पण देण्यात आला होता; कायद्यापुढे दवाखान्याचे हात धुतलेले राहतील अशी ती व्यवस्था होती. अज्ञानाला आपण अडाण्यांचा रोग समजतो. हा रोग सुशिक्षितांनी छापून, सही घेऊन, पोहोच देऊन पसरवला होता.

‘‘हे चढवायच्या आधी मूत्रपिंडाची तपासणी करतात,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आणि रक्ताची एक. काहींच्या रक्तात एक घटक जन्मापासून कमी असतो, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधानं फुटतात. तुमची काय तपासणी केली होती?’’

भिमाजीने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. ‘‘वजन केलं व्हतं.’’

दोन्ही तपासण्या प्रतिभा मॅडमनी केल्या. नशिबाने दोन्ही चांगल्या निघाल्या. पुण्याच्या डॉक्टरांशी त्या भिमाजीसमोरच फोनवर बोलल्या. ते रुसले नाहीत. केमो संपेपर्यंत हे बंद ठेवा, नंतर पुन्हा वाटलं तर तिन्ही डॉक्टर मिळून ठरवू, पण मला कळवून, इतकेच म्हणाले.

निघताना गिताबाई दारात थांबली. ‘‘मॅडम, मग मला बरं वाटत व्हतं ते खोटं का?’’

‘‘बरं वाटणं खोटं नसतं, आजी. कशानं वाटलं, ते मात्र ठाऊक नाही. तिथं काय करायचा तुम्ही?’’

‘‘काय करायची? पडून राहायची. तीन तास. कुणी हाक मारायचं न्हाई, कुणी च्या कर म्हणायचं न्हाई. मेंढरामागं असताना न्हाई, उसात न्हाई, लग्न झाल्यापासून अशी कवा पडलेच न्हाई मी.’’

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी कागद ओढला आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिले: मंगळवार व शुक्रवार, तीन तास पूर्ण विश्रांती, कोणीही उठवू नये. खाली सही करून शिक्का मारला.

आता भिंतीवर एकच पिशवी आहे. तिन्ही फायली तीत दाटीवाटीने राहतात आणि सर्वांत वर तो शिक्क्याचा कागद असतो. मंगळवारी दुपारी पडवीत बाज पडते, रविराजने आणलेली मऊ रजई पडते, आणि गिताबाई घरादाराच्या देखत, डॉक्टरी हुकमाने, आडवी होते. पहिल्याच मंगळवारी तिने बाजेवरून फर्मावले की दर अर्ध्या तासाने विचारायला माणूस लागेल. तिथं होतं, इथंही पाहिजे.

म्हणून भिमाजी उंबऱ्यावर बसतो. घड्याळ बघतो, उठतो, बाजेशी जातो आणि घसा साफ करून विचारतो, ‘‘आजी, बरं वाटतंय ना?’’

‘‘वाटतंय,’’ ती डोळे मिटून म्हणते. ‘‘पर त्या पोरीसारखं गोड न्हाई विचारता येत तुमास्नी.’’

‘‘शिकंन हळूहळू.’’

मग तो उशाशी ठेवलेला तांब्या उचलून पाहतो. दोन घोट गेलेले असतात, तहानेपुरते. तो तांब्या जागच्या जागी ठेवतो आणि परत उंबऱ्यावर येऊन बसतो.