अठ्ठ्याऐंशीवी पट्टी

मामांच्या स्टुडिओतल्या संगणकावर एकूण अडतीस वाद्यं होती: सोळा पियानो, दहा ऑर्गन आणि बारा तंतुवाद्यांचे ताफे. त्यांतलं एकही खोलीत नव्हतं. खोलीत होतं एक टेबल, दोन स्पीकर, संगणकाला जोडलेला अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा एक कळफलक, सात खुर्च्या, आणि खिडकीपाशी लाकडी जमिनीवर पियानोच्या चाकांनी पाडलेले तीन खळगे.

भाचीने आल्या आल्या ते खळगे मोजले होते. तिसऱ्यापाशी आईचं हत्यारांचं कापड पसरलेलं असायचं.

हे मामा म्हणजे आईचे मावसभाऊ, स्टुडिओचे मालक. आई पियानो सुरात लावायची. सव्वीस वर्षं तिने तेच काम केलं आणि त्यातली अकरा या खोलीत. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, सात वादक खुर्च्यांवर बसलेले असताना, मामांनी नवा फोन काढला. त्यात सूर मोजणारं ॲप होतं. त्यांनी पियानोची शेवटची, म्हणजे अठ्ठ्याऐंशीवी पट्टी दाबली आणि फोन आईच्या नाकासमोर धरला. काटा लाल. सव्वीस सेंट चढ. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. सव्वीस म्हणजे पाव पट्टीहून जास्त.

"तायडे, कान गेले की गं तुझे!"

"वरचे सूर जरा चढेच ठेवावे लागतात रे. नाहीतर कानाला उतरलेले लागतात."

"माणूस सबबी सांगतो. यंत्र खोटं बोलत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. आईने कापड गुंडाळलं आणि ती घरी आली. आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली. शाळांनी बोलावणं बंद केलं, सभागृहाने दुसरा माणूस पाहिला. त्या दुसऱ्या माणसाने मामांचा पियानो लावला, तेव्हाही काटा लालच झाला. मामांनी मग पियानोच खोटा ठरवून विकून टाकला. आईबद्दलचा शब्द मात्र परत घेतला नाही.

भाची तेव्हा पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती. त्याच सत्रात तिला उत्तर सापडलं. पोलादी तार ताठ असते, म्हणून तिच्यातून मूळ सुरासोबत निघणारे वरचे सूर गणितापेक्षा किंचित चढे निघतात. त्यांच्याशी जुळायचं तर वरच्या पट्ट्या ताणून लावाव्याच लागतात. ॲपला हे ठाऊक नसतं, ते नुसतं गणित करतं. धावत घरी येऊन तिने आईला सांगितलं.

"मला कानाने माहीत होतं," आई म्हणाली.

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. पण फोन त्याच्या हातात होता."

त्या दिवसापासून भाचीने डूख धरला होता. तिने आरडाओरडा केला नाही, नातं तोडलं नाही, मामांच्या घरी गोड हसून जेवूनसुद्धा आली. आणि परवा मामांचाच फोन आला. "पियानो, ऑर्गन, व्हायोलिनचे ताफे, सगळं आता संगणकावर घेतोय. अगदी खऱ्यासारखं वाजलं पाहिजे. तू शिकलेली पोर, निवडून दे."

"निवडणार तुम्ही, मामा. मी फक्त मांडते," ती म्हणाली. "डोळे मिटून ऐकायचं. नावं नाहीत, नुसते क्रमांक. आणि ऐकायला तेव्हाचेच वादक बोलवा, त्यांनाही या वाद्यांसोबतच वाजवायचंय."

सहा आले. सातवी परगावी होती. तिला भाचीने व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन सातव्या खुर्चीवर उभा केला. कुठला क्रमांक कशाचा, याचा कागद पाकिटात घालून चिकटवला आणि चेलो वाजवणाऱ्या बाईंच्या हातात दिला.

निघताना आईला विचारलं होतं, "येतेस?"

"मला काय करायचंय? सूड उगवून पियानो सुरात येत नाही गं."

"राहू दे मग," असं म्हणून तिने चपला घातल्या होत्या.

मामा डोळे मिटून बसले. आधी तंतुवाद्यं. एकाच सुरावर गज पाचदा फिरला की हलकी वाद्यं तोच आवाज पाचदा छापतात.

"शिवणयंत्र आहे हे," मामा म्हणाले. "काढ. हेही काढ. हां, नऊ नंबर. इथे दर वेळी गज वेगळा लागतोय."

ऑर्गनमध्ये त्यांनी तीन क्रमांक घेतला. "याला श्वास आहे. भाता भरताना ऐकू येतोय बघ."

सगळी पारख बरोबर होती. मामांचे कान फार चांगले होते, आणि भाचीला नेमकं तेच हवं होतं.

मग पियानो. तिने सगळ्यांवर एकच तुकडा वाजवला, तळापासून अठ्ठ्याऐंशीव्या पट्टीपर्यंत जाणारा. चौथ्याला मामांनी तोंड वाकडं केलं.

"वरच्या सुरांत उतरलाय. दात आंबल्यासारखं होतंय. कोणी लावलाय हा?"

"पुढे ऐका."

अकराव्याला ते सरळ बसले. "हा! सुरात म्हणतात तो हा. वरचं टोक बघ कसं चांदीसारखं."

"नक्की? मग बदलायचं नाही हं."

"अगं, मी काय आज ऐकतोय का? लिही, अकरा."

भाचीने लिहिलं. मामांनी खाली सही केली. त्यांनी नवरदेवासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि वादकांनी माना डोलावल्या.

"बाई, पाकीट फोडा," भाची म्हणाली.

चेलोवाल्या बाईंनी कागद वाचला, मग पुन्हा वाचला. "चार आणि अकरा एकच पियानो आहे म्हणतेय ही. चारमध्ये वरचा ताण काढून शून्य केलाय, प्रत्येक पट्टी गणितात बसवलीय. अकरामध्ये काही बदललेलं नाही, पियानो लावणाऱ्याने लावला तसाच आहे."

मामा हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "म्हणजे?"

"मामा, तुमचा फोन द्या ना. ते ॲप आहे ना अजून?"

"कशाला?"

"मोजायला. यंत्र खोटं बोलत नाही, तुम्हीच शिकवलंत, आईचे सव्वीस सेंट मोजताना."

सहा माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि सातवी खुर्चीवरच्या पडद्यातून. नाही म्हणायची सोय नव्हती. मामांनी फोन दिला. भाचीने तो स्पीकरसमोर उभा केला, पडदा सगळ्यांना दिसेल असा.

"ॲप बिघडलं असलं तर?" मामा म्हणाले.

"म्हणूनच आधी ऑर्गन. त्याच्या नळ्यांना ताण लागत नाही, तिथे काटा मधोमध यायला हवा. दाबा तुम्हीच, माझ्या हाताचा संशय नको."

मामांनी दाबलं. काटा हिरवा झाला.

"आता पियानो चार. जो तुम्ही फेकलात."

काटा पुन्हा हिरवा. मागच्या खुर्चीवर कोणीतरी फिसकन हसलं. भाचीने वळून पाहिलं. हसणं तेच होतं, दोन वर्षांपूर्वीचं.

"मुली, पुरे आता," मामा हळू आवाजात म्हणाले. "घरचं माणूस आहेस."

"आईही होती," ती म्हणाली. "अकरा लावलाय. शेवटची पट्टी, मामा."

मामांचं बोट पट्टीवर थोडा वेळ नुसतंच टेकून राहिलं. मग त्यांनी दाबली. भाचीने वहीत तीन ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचल्या.

ऑर्गन तीन, सर्वांत वरची पट्टी: एक सेंट चढ.

पियानो चार, अठ्ठ्याऐंशीवी पट्टी: शून्य.

पियानो अकरा, अठ्ठ्याऐंशीवी पट्टी: अठ्ठावीस सेंट चढ.