घरी जायचा फ्रॉक

"मी नाही उठणार. मागून सगळं उघडं दिसतं."

"कोण बघतंय तुला? जो तो आपापल्या दुखण्यात आहे इथे!"

"मला कळतं ना पण."

आईने कपाळावर हात मारून घेतला. अकरा वर्षांची पोर, वाकडा कणा सरळ करायला पाठीत सळया घातलेल्या. दुखतंय म्हणून रडली असती तर समजूत काढता आली असती. पण हिचं भांडण दवाखान्याच्या गाऊनशी! व्यायाम घेणाऱ्या ताई सकाळपासून दोनदा येऊन परत गेल्या होत्या. आज जिना चढून-उतरून दाखवला तरच उद्या घरी, नाहीतर थेट सोमवारी बघू, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"भिंगरे, माझी आई, ऊठ गं एकदा."

"माझा नवा फ्रॉक आण. मग उठते."

शेवटी बाबांना घरी पिटाळलं. निदान तेवढ्यात दोन घटका देवाचं नाव घ्यावं म्हणून आईने डोळे मिटले, तर फोन वाजला.

"अगं, कुठला फ्रॉक?"

"निळा. कपाटात वरच आहे."

"निळे दोन आहेत."

"नवा हो! ज्याला पुढून बटणं आहेत तो!"

"ओरडतेस कशाला? बटणं दोन्हींना आहेत."

"दोन्ही आणा," ती दात आवळून म्हणाली. नेमक्या त्याच वेळी आत्या दारात उभी.

"वहिनी, दवाखान्यात जरा हळू बोलावं."

आईने फोन बाजूला ठेवला. घरात तिच्याइतकं हळू कुणीच बोलत नसे. पण आज सांगायचं कुणाला?

फ्रॉक आला. आईने आणि सिस्टरने पोरीला पाठीला पीळ न देता, अख्खीच्या अख्खी कुशीवर घेतलं, पाय खाली सोडून बसवलं. फ्रॉक चढवला. पुन्हा आलेल्या ताईंनी हात दिला आणि भिंगरी ओठ चावत उभी राहिली.

आत्याने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! उजवा खांदा वरच दिसतोय की! मग एवढं चिरून-फाडून केलं काय यांनी?"

"आत्याबाई, तुम्ही गप्प बसा हो!" आईने आत्यावर प्रथमच आवाज चढवला. पण तिचीही नजर खांद्यावरून हलेना. खांदा वर होता. फ्रॉकचा घेरसुद्धा एका बाजूला खाली लोंबत होता.

"आई, फुकट गेलं सगळं?" पोरीचा आवाज अगदी बारीक झाला.

आईने फ्रॉकच्या गळ्यातून आत हात घातला. डाव्या खांद्याचं हाड. मग उजव्याचं. दोन्ही एका पातळीत, सारखी. आणि उजव्याच्या वर, कापडाखाली, कापसाची गादी. तिचीच शिवण.

पडका खांदा झाकायला ती वर्षानुवर्षं तिथे गादी भरत आली होती, आखूड दिसणारी बाजू लांब कापत आली होती. लोकांचे कपडे शिवताना दहादा माप घेणारी बाई. पोरीचं माप मात्र हातातच बसलेलं. सरळ होऊन घरी येणार म्हणून हौसेने नवा फ्रॉक शिवायला घेतला, आणि हातांनी तोही वाकड्या पोरीचाच शिवला.

"खांदा सरळ आहे गं सोन्या," ती कशीबशी म्हणाली. "फ्रॉक चुकलाय. माझ्याकडून."

"हात्तिच्या! मग ती गादी काढ ना."

आईने चमकून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"सगळ्या फ्रॉकना असते. घाम आला की टोचते. तू एवढी मन लावून शिवतेस, म्हणून बोलले नाही."

सिस्टरने खिशातली कात्री पुढे केली. आई टाके उसवत राहिली आणि भिंगरी, एरवी माप घेताना चुळबुळ करणारी, ताईंचा हात धरून ताठ उभी राहिली. कापूस निघाला तसा खांदा खाली बसला.

"चला ताई," ती म्हणाली. आई हात द्यायला पुढे झाली. "तू नको. तू ओढतेस."

दोघी दारातून गेल्या. जिन्यावरून चपलांचा आवाज येऊ लागला. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. आत्या बघायला मागोमाग धावली.

आई मुठीत कापूस घेऊन कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यांपाशी आली. एक पिवळा, एक लाल, एक काळा. कशात काय टाकायचं ते वर चित्रं काढून दाखवलेलं होतं. ती पुन्हा पुन्हा चित्रं बघत राहिली. तिच्या हातातल्या कापसासाठी डबा काही तिला ठरवता येईना.